हळू येतं, मग जलद का येत नाही? गिटार पिकिंगच्या वेगाबद्दल

मी ९२ वर चार महिने अडकून होतो. ९२ म्हणजे मेट्रोनोमचे मिनिटाला ९२ ठोके. जो तुकडा शिकत होतो, तो मूळ रेकॉर्डिंगमध्ये १२० च्या आसपास जातो. पद्धत सगळे सांगतात तीच धरली होती: ६० ला सुरू करायचं, बिनचूक आलं की दोनाने वाढवायचं. ८८ पर्यंत सुखाने गेलो. ९० ला हात ताठ व्हायला लागला, ९२ ला बोटं कुठल्या तारेवर आहेत तेच कळेना, ९४ ला सगळा चिवडा. परत ८० वर यायचं, परत चढायचं, परत ९२ ला आपटायचं. घरच्यांना तो तुकडा माझ्याआधी पाठ झाला.

ही दोनादोनाची शिडी खोटी नाही. पण ती एक गोष्ट गृहीत धरते: हळू वाजवताना हात जे करतो तेच, फक्त भराभर केलं, की जलद वाजतं. हे बरेचदा खरं नसतं. चालणारा माणूस पाय भराभर टाकत गेला तर एका मर्यादेनंतर फक्त घाईने चालतो. पळायला लागलं की पाय उचलण्याची तऱ्हाच बदलते, मध्ये एक क्षण दोन्ही पाय जमिनीवर नसतात. चालण्याचा कितीही सराव केला तरी तो क्षण त्यात येत नाही. गिटारवर काय बदलतं, ते एका साध्या मापावर, म्हणजे चार मात्रांच्या एका तुकड्यावर, दाखवतो.

फिंगरस्टाइल, म्हणजे बोटांनी तारा छेडून वाजवणं, शिकणाऱ्यांची पहिली गाठ बहुधा ट्रॅव्हिस पिकिंगशी पडते. मर्ल ट्रॅव्हिस हा अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला गिटारवादक, जन्म १९१७ चा. पद्धत त्याने शोधलेली नाही. त्या कोळसा खाणींच्या भागात ती आधीपासून वाजवली जात होती, नाव मात्र त्याचं लागलं. उजव्या हाताचा अंगठा जाड तारांवर घड्याळासारखा चालतो, प्रत्येक मात्रेला एक ठोका. बाकीची बोटं बारीक तारांवर मधल्या जागा भरतात. ऐकणाऱ्याला दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं.

यातली एक गंमत सांगायलाच हवी. ट्रॅव्हिस बहुतेक सगळं अंगठा आणि तर्जनी एवढ्यावरच वाजवायचा. पुढे स्वतः नावाजलेला गिटारवादक झालेल्या चेट ॲटकिन्सने त्याला पहिल्यांदा रेडिओवर ऐकलं, त्यामुळे हात दिसला नाही. एवढे स्वर येताहेत म्हणजे आणखी बोटं असणारच, असं समजून त्याने स्वतःचा हात बसवला आणि त्यातून वेगळीच शैली उभी राहिली. तेव्हा 'बरोबर बोट कोणतं' यावर फार भांडू नये. पण एकदा ठरवलं की ते बदलायचं नाही. एकाच जागी सोमवारी तर्जनी आणि मंगळवारी मधलं बोट वापरलं, तर हाताच्या लेखी ते दोन वेगळे तुकडे असतात आणि दोन्ही अर्धवट राहतात.

आता ते माप. डाव्या हाताने सी कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा एक ठरलेला आकार) धरलाय: अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला. (सगळ्यात बारीक तार पहिली, सगळ्यात जाड सहावी. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या.) उजवा अंगठा चार मात्रांना पाच-चार-पाच-चार या तारा छेडतो. दुसऱ्या मात्रेनंतरच्या अर्ध्यावर तर्जनी दुसरी तार, तिसरीनंतर मधलं बोट पहिली तार, चौथीनंतर परत तर्जनी दुसरी तार. लहानपणी दोन वर्षं तबल्याच्या क्लासला गेलो होतो, तिथली पढंतीची, म्हणजे बोल तोंडाने म्हणण्याची, सवय इथे कामी आली. अंगठ्याला 'धा', तर्जनीला 'ति', मधल्या बोटाला 'ना' म्हटलं की माप होतं: धाऽ धाति धाना धाति. हे बोल माझेच, कुठल्या घराण्याचे नाहीत. पण जे तोंडाने सलग म्हणता येत नाही ते बोटांनी सलग वाजत नाही, हा अनुभव तबल्याइतकाच गिटारवरही येतो.

पुढच्या मापात कॉर्ड बदलून जी सेव्हन होतो. अनामिका सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला जाते, तर्जनी पहिल्या तारेवर पहिल्या फ्रेटला, मधलं बोट पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला. अंगठा आता सहा-चार-सहा-चार.

माझं घोडं अडत होतं ते नेमकं इथे, शेवटच्या 'ति'नंतर. मी काय करत होतो, तर तो 'ति' वाजला की डाव्या हाताची तिन्ही बोटं एकदम उचलायची, हवेत नवा आकार जुळवायचा आणि तिन्ही एकदम टेकवायची. ६० च्या लयीत शेवटचा 'ति' आणि पुढचा 'धा' यांच्यामध्ये अर्धा सेकंद असतो. अर्ध्या सेकंदात हवेत आकार जुळवणं आरामात होतं, म्हणून माझी चूक ६० ला दिसत नव्हती, ७० लाही नाही. १२० ला तीच जागा पाव सेकंदाची होते आणि तेवढ्यात हे होत नाही. मी चार महिने जी पद्धत घोटत होतो, ती १२० ला चालण्यासारखी नव्हतीच.

उपाय कागदावर शोधला. नवीन मापाच्या पहिल्या मात्रेला कोणतं बोट लागतं? फक्त अनामिका, कारण अंगठा सहावी तार छेडणार. तर्जनीला दुसऱ्या तारेवरून पहिलीवर जायचंय, पण ती जागा सोडून नवीन मापाच्या दुसऱ्या मात्रेच्या अर्ध्यापर्यंत पोचली तरी चालतं. मधल्या बोटाची नवी तार तर या मापात वाजतच नाही, त्याने जुनी सोडली की पुरे, ते नवीवर आलं काय आणि न आलं काय. आणि अनामिका मोकळी कधी होते? सी कॉर्डमध्ये पाचवी तार शेवटची वाजते तिसऱ्या मात्रेला. चौथ्या मात्रेला अंगठा चौथ्या तारेवर असतो. म्हणजे चौथ्या मात्रेलाच अनामिका निघू शकते, बाकीची दोन बोटं अजून जुन्या जागी असताना. खालचा स्वर किंचित लवकर तुटतो, ते कुणाच्या लक्षात येत नाही.

आता हिशोब बघा. चौथ्या मात्रेपासून पुढच्या पहिल्या मात्रेपर्यंत १२० च्या लयीत बरोबर अर्धा सेकंद मिळतो. ६० ला मी अख्खा हात हलवायला जेवढा वेळ घेत होतो, तेवढाच. बोटं तीच आणि हातही तोच, फक्त कोण आधी निघणार ते ठरलं. हे बसवायला मला दोन आठवडे लागले आणि ९२ ची भिंत १०८ वर सरकली.

अवघड जागा सापडली की 'अजून सराव हवा' म्हणण्याआधी हा हिशोब करायला हवा: कोणतं बोट केव्हा मोकळं होतं आणि केव्हा लागतं. कंटाळवाणं काम आहे, गिटार मांडीवर असताना पेन्सिल हातात घ्यायची कुणाची तयारी नसते. तासभर तुकडा घोटण्यापेक्षा ही दहा मिनिटं जास्त देतात, एवढं मी सांगू शकतो.

उजव्या हाताचं दुखणं वेगळं. एक प्रयोग करून बघा. तळवा टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडून तळव्याखाली घ्या, बाकीची सरळ. आता अंगठा उचला, तर्जनी उचला, करंगळी उचला. अनामिका उचलून बघा. बहुतेकांची ती टेबलाला चिकटल्यासारखी राहते. बोटं उचलणारे स्नायू मनगटाच्या वर, कोपराकडच्या हातात असतात. तिथून दोऱ्यांसारखे स्नायुबंध बोटांपर्यंत येतात आणि हाताच्या पाठीवर ते एकमेकांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. मधलं बोट खाली खेचलेलं असलं की अनामिकेची दोरीही अडकते. बोटं पूर्णपणे स्वतंत्र करण्याचा हट्ट धरून जे पुस्तकी व्यायाम तासन्‌तास केले जातात, त्यांच्याकडे मी म्हणूनच जरा संशयाने बघतो. शरीराची शिवण उसवता येत नाही.

बोट ओढणारा आणि बोट परत नेणारा असे दोन विरुद्ध स्नायू असतात. घाईत दोन्ही एकदम आवळले जातात. हँडब्रेक ओढून ॲक्सिलरेटर दाबल्यासारखं होतं, गाडी जाते पण वास येतो. वर ९० ला हात ताठ झाला म्हणालो, तो हाच प्रकार. आणि तो संथ लयीतच पेरला जातो, कारण हळू वाजवायचं म्हणून आपण बोटही हळू हलवतो, तारेवर रेंगाळतो, मग ते लांबवर फेकतो आणि सावकाश परत आणतो.

हळू वाजवताना स्वरांमधलं अंतर वाढवायचं असतं, बोटाची हालचाल लांबवायची नसते. ६० च्या लयीतही तार छेडण्याची क्रिया १२० ला असेल तेवढीच छोटी आणि चटकन हवी. छेडलं की बोट सैल सोडायचं, पुढच्या स्वराचं बोट आपल्या तारेवर नेऊन टेकवायचं आणि वाट बघायची. बाहेरून बघणाऱ्याला हे रोबोसारखं दिसतं: टक्, थांब, टक्, थांब. लय वाढते तशी फक्त 'थांब' आकसत जाते. हे कळल्यावर माझ्या मनातला 'हळू' या शब्दाचा अर्थच बदलला.

तरीही एका वेगानंतर एकेका स्वरावर लक्ष ठेवणं शक्यच नसतं. आवाज ऐकून हाताने प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण १५० मिलिसेकंद लागतात. फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या, स्पेनमधल्या आलांब्रा राजवाड्यावरच्या प्रसिद्ध ट्रेमोलो (एकच स्वर भराभर पुन्हा पुन्हा छेडण्याच्या) रचनेत एका मात्रेत आठ स्वर येतात. मिनिटाला ७५ मात्रा धरल्या तर सेकंदाला १० स्वर, म्हणजे दोन स्वरांत १०० मिलिसेकंद. चुकलेला स्वर कानावर पडून हात सावरेपर्यंत पुढचा स्वर वाजून गेलेला असतो. कार्ल लॅश्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५१ च्या एका निबंधात हाच मुद्दा मांडला होता: वादकाची बोटं सेकंदाला १६ वेळासुद्धा पडतात, तेव्हा एका हालचालीची जाणीव पुढच्या हालचालीला चालना देते हे शक्य नाही, अख्खी मालिका आधीच तयार असली पाहिजे. म्हणजे जलद वाजवताना आपण स्वर वाजवत नसतो, गठ्ठे सोडत असतो. 'तिरकिट' हे चार बोल तबलजी चार वेळा विचार करून वाजवत नाही, तो एक शब्द असतो.

गठ्ठा संथ लयीत बांधला जात नाही. तो बांधायला मूळ वेगातच वाजवावं लागतं, फक्त अगदी थोडं. माझ्या वहीत याला 'चिमूट' म्हटलंय. चार स्वर घ्यायचे आणि पाचव्यावर उतरून थांबायचं. लय थेट १२० ची. धाति-धाना-धा, थांब. हात झटका, खांदा खाली घ्या, परत. पाचवा स्वर महत्त्वाचा, कारण पुढची चिमूट तिथूनच सुरू करायची. जोड एकमेकांवर चढलेले हवेत, कौलांसारखे, नाहीतर प्रत्येक तुकडा सुंदर येतो आणि सांध्यात पाणी गळतं. चारांचे आठ, आठांचे सोळा करत गेलं की एक दिवस अख्खं माप मूळ वेगात निघतं, शिडीच्या अधल्यामधल्या पायऱ्यांना पाय न लावता.

तबल्याच्या क्लासमध्ये हे वेगळ्या रूपात होतंच. कायदा (बोलांची ठरलेली रचना) आधी ठाय, म्हणजे संथ लयीत, मग त्याच लयीत दुगुन, मग चौगुन. हाताने धरलेली लय हलत नाही, एका मात्रेतले बोल दुप्पट होतात. दोनादोनाने वाढवणं तिथे नाहीच, सरळ उडी असते. गिटारवर हे उचलायला सोपं आहे: मेट्रोनोम ६० वर ठेवा, माप एकपट वाजवा, त्यातली एकच मात्रा दुगुनमध्ये टाका, परत एकपट. दुगुनीच्या त्या मात्रेत हात आवळला तर तो लगेच कळतो, कारण आजूबाजूला सैल हात आहे. शिडीवर ताठरपणा हळूहळू चढतो, म्हणून कळत नाही.

थांबण्याबद्दलही थोडं. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या संशोधकांचा २०१९ चा एक प्रयोग आहे. लोकांना ४-१-३-२-४ हे आकडे डाव्या हाताने शक्य तितक्या जलद टाइप करायला सांगितले: १० सेकंद टाइप, १० सेकंद विश्रांती, अशा ३६ फेऱ्या. सुरुवातीच्या फेऱ्यांत वेग वाढत गेला, पण टाइप करता करता नव्हे. विश्रांतीनंतर पुन्हा सुरू केल्यावर तो वाढलेला दिसायचा. त्या दहा सेकंदांत मेंदू शिकतो असं त्यांचं म्हणणं. नंतर काही संशोधकांनी आक्षेप घेतला, की विश्रांतीत फक्त थकवा उतरतो, शिकणं वेगळं. तो वाद त्यांनी मिटवावा. आपल्यासाठी दोन्हींचा निकाल एकच निघतो: तीच चिमूट चाळीस वेळा सलग घासण्यापेक्षा पाच-सहा वेळा वाजवून दहा सेकंद हात मांडीवर ठेवणं फायद्याचं. मी तीन अवघड जागा निवडतो आणि आळीपाळीने फिरतो. सलग घासताना दहाव्या वेळी जे येतं ते हाताला आलेलं नसतं, नुकतंच वाजवलेलं तेवढं गरम असतं. दुसऱ्या दिवशी ते गेलेलं असतं, आणि आपण गिटारला दोष देतो.

तसा गिटारचा दोष कधीकधी असतोही. फ्रेटबोर्डपासून तारांची उंची, जिला सगळे 'ॲक्शन' म्हणतात, ती बाराव्या फ्रेटला दोन ते अडीच मिलिमीटरच्या आसपास असली तर बरी. स्वस्त गिटारवर ती सर्रास जास्त असते. त्यात मुंबई-कोकणातला पावसाळा. दमट हवेत लाकूड फुगतं, गिटारचं पोट वर येतं, तारा उचलल्या जातात आणि मे महिन्यात सहज येणारा तुकडा जुलैत जड होतो. आपला सराव कमी पडला असं समजून मी एक अख्खा पावसाळा खट्टू होतो. ॲक्शन कमी करून घ्यायला दुरुस्तीवाल्याकडे जावं, आणि गिटार भिंतीला टांगण्यापेक्षा बंद केसमध्ये ठेवावी.

नखांचं रडगाणं थोडक्यात: उजव्या हाताची नखं थोडी राखली की आवाज स्वच्छ येतो, पण आपण त्याच हाताने वरणभात कालवतो. नखं हळदीने पिवळी होतात. त्याला इलाज नाही.

अंगठ्यासाठी मात्र खास वेळ काढावा. ट्रॅव्हिस पिकिंगमध्ये अंगठा डगमगला की सगळं कोसळतं. सुरुवातीचे काही दिवस नुसता अंगठा, तळव्याची कड ब्रिजवर (जिथे तारा गिटारच्या पोटाला बांधलेल्या असतात तिथे) हलकी टेकवून, म्हणजे जाड तारांचा आवाज दबका आणि ठसठशीत येतो. परीक्षा अशी: अंगठा चालू असताना आतून कुणी "दूध उतू गेलं का बघ रे" म्हटलं, तर न थांबता उत्तर देता आलं पाहिजे. उत्तर देताना अंगठा अडखळला, तर वरची बोटं आणायची घाई करू नये. फक्त उजव्या हाताकडे बघायचं असेल, तर माउरो जुलियानी या इटालियन गिटारवादकाचे १२० व्यायाम आहेत, १८१२ चे. त्यात डाव्या हाताला सी आणि जी सेव्हन याखेरीज काहीच नाही. तेच दोन कॉर्ड, ज्यांनी मला चार महिने छळलं.

दुखण्याची गोष्ट गमतीत घालवू नये. तारांमुळे बोटांची टोकं हुळहुळतात ते नवशिक्याचं दुखणं, ते जातं. पण मनगटात कळ, कोपराखाली ठणका किंवा बोटांना मुंग्या यायला लागल्या की त्या दिवशी गिटार केसमध्ये. दोन-चार दिवसांत उतरलं नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं. 'दुखलं तरी रेटायचं' हा सल्ला देणाऱ्याचा हात बहुधा अजून दुखलेला नसतो.

आणि खरा आकडा कोणता? रात्री तासभर घोटून शेवटी जो मिळतो तो नव्हे. सकाळी उठल्यावर, हात गार असताना, एकदाच वाजवायचं आणि फोनवर रेकॉर्ड करायचं. दुसरी संधी नाही. माझा रात्रीचा आकडा आणि सकाळचा आकडा यांत पहिल्यांदा वीसचा फरक होता, आणि तो मला बरेच दिवस पचला नव्हता.

आज सकाळी चहा उकळेपर्यंत एकदा वाजवलं. ११४. अनामिका चौथ्या मात्रेला निघाली होती, वेळेवर पोचली. रेकॉर्डिंगमध्ये शेवटच्या मापात एक भलताच ठोका ऐकू येतो, तो उकळून बाहेर आलेल्या चहाच्या झाकणाचा आहे.